पर्याय झाकून ठेवायला शिकवणारा क्लास

मी नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहिते. सातला दुकान बंद झालं की अग्रसेन चौकातून मेट्रो धरायची, शंकरनगर चौकात उतरायचं आणि स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीच्या क्लासची साडेसातची बॅच गाठायची, असं सहा आठवडे केलं. फी साडेतीन हजार.

माझी शाळा उमरेडची, मराठी माध्यमाची. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी असते त्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे टिअर-1 मध्ये, इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं तर 0.50 कापतात. रिकाम्या जागांमध्ये चार पर्यायांतला सगळ्यात भारी वाटणारा शब्द मी निवडायची आणि तिथंच मार खायची.

इथले सर पहिल्या दिवशी पर्याय देतच नाहीत. नुसतं वाक्य, तेही मराठी: ‘आत्या एरवी ____, पण त्या दिवशी तिनं अख्ख्या मोहल्ल्याला पुरणाच्या पोळ्या जेवू घातल्या.’ आपापला शब्द वहीत लिहा म्हणाले. कुणी कंजूष लिहिलं, कुणी चिंगूस, मी काटकसरी. सरांनी माझ्या शब्दाखाली रेघ मारून विचारलं, ‘काटकसरी बाई पाहुण्यांना उपाशी ठेवते का, ताई?’ नाही ठेवत. काटकसरी म्हणणं म्हणजे कौतुक, कंजूष म्हणणं म्हणजे नावं ठेवणं. ‘पण’च्या पलीकडे पोळ्यांची पंगत आहे, म्हणून अलीकडे हात आखडणारीच बाई पाहिजे. मग फळ्यावर दोन इंग्रजी शब्द लिहिले: फ्रुगल (काटकसरी) आणि स्टिंजी (कंजूष). हे दोन्ही मी कितीदा तरी पाठ केले होते, दोघांसमोर एकच अर्थ लिहून! त्यांच्यातला फरक त्या संध्याकाळी डोक्यात बसला तो कायमचा.

पुढे रोज तेच. पर्यायांवर पट्टी ठेवायची. ऑल्दो, डिस्पाइट, सिन्स असा शब्द दिसला की त्याला गोल करायचा, वाक्य सरळ जातं की उलटं वळतं ते पाहायचं, आपला शब्द लिहायचा आणि मगच पट्टी काढायची. सुरुवातीला एका वाक्याला दोन मिनिटं जायची, रडकुंडीला यायची मी. चौथ्या आठवड्यात अर्ध्या मिनिटावर आलं. इन्सिस्ट ऑन, प्रिव्हेंट फ्रॉम अशा जोड्यांना मात्र ही रीत चालत नाही, त्या पाठच कराव्या लागतात. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं, हे मला फार आवडलं.

आता तक्रारी. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की काही पानं वाचताच येत नाहीत. तिसऱ्या टेस्टच्या उत्तरसूचीत दोन उत्तरं चुकीची होती. दाखवल्यावर सरांनी वर्गात मान्य केलं, पण आमचे गुण कुणी दुरुस्त केले नाहीत. चाळीस जणांना एक कूलर, तोही मे महिन्यात.

परदेशातल्या पुढच्या शिक्षणासाठी जीआरई परीक्षा देणाऱ्यांनी इथं येऊ नये. आमच्या बॅचला इंजिनिअरिंगची दोन मुलं होती. त्यांच्या परीक्षेत कधीकधी एकाच उताऱ्यात दोन-तीन गाळलेल्या जागा असतात आणि सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतो. दुसऱ्या प्रकारात सहापैकी असे दोन शब्द निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. त्यांच्या वाट्याला सहा आठवड्यांत दोनच तास आले.

सराव परीक्षेत माझे 25 पैकी 9 बरोबर यायचे, शेवटच्या दोन्ही वेळा 17 आले.

मागच्या रांगांतून फळा दिसत नाही, म्हणून सव्वासातलाच पोचा. दुकान सुटल्यावर येणाऱ्यांना ते जमत नाही. पुढची एक रांग नोकरीवाल्यांसाठी राखून ठेवा, असं मी सरांना सांगितलं आहे. ठेवली तर इथंच लिहीन.