पुरीच्या बाजारातले लाकडी जगन्नाथ: घेण्याआधी मूर्ती उलटी करून पाहा

पुरीत बडदांडाच्या, म्हणजे मंदिरासमोरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला लाकडी जगन्नाथ, सुभद्रा, बलभद्र रांगेनं मांडलेले असतात. देव्हाऱ्यासाठी वीतभर उंचीचा संच पुरे. रंग आणि टपोरे डोळे बघून भुलायला होतं, पण पारख चेहऱ्यावरून होत नाही, बुडावरून होते.

मूर्ती उलटी केली की लाकडाची वर्तुळं दिसतात. त्यांचा मध्य, म्हणजे गाभा, बुडातच असेल तर मूर्ती अख्ख्या फांदीतून कोरली आहे. असं लाकूड वाळताना गाभ्यापासून बाहेर चिरतं आणि चीर पार चेहऱ्यापर्यंत जाऊ शकते. वर्तुळांच्या नुसत्या कमानी दिसल्या तर ती मोठ्या ओंडक्याच्या फाकेतून कोरलेली, ती घ्यावी. आकाराच्या मानानं जड आणि हाताला गार लागलं तर लाकूड ओलं आहे. बुडालाही रंग फासलेला असेल तर मी तरी पुढच्या दुकानात जाईन.

जुन्या पद्धतीत चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचं अस्तर देतात, वर कवठाच्या डिंकात कालवलेले रंग. हे काम दिसायला देखणं, चमक नसलेलं. पण ओलं बोट फिरवलं तरी बोटाला रंग लागतो. चकचकीत ऑइल पेंट पाण्याला दाद देत नाही, मात्र आत ओल राहिली असेल तर पापुद्रे धरतो. कोकणातल्या दमट घरासाठी नीट वाळलेल्या लाकडावरचा ऑइल पेंटच बरा, दिसायला थोडा भडक असला तरी.

‘रंग उडाला’ या तक्रारीमागे बहुधा रोजचा अभिषेक असतो. खुद्द पुरीतही रोज मूर्तींवर पाणी घालत नाहीत. समोर आरसा धरून प्रतिबिंबाला स्नान घालतात. प्रत्यक्ष स्नान ज्येष्ठ पौर्णिमेला, 108 घड्यांचं. त्यानं रंग उतरतो, म्हणून पुढचा पंधरवडा देव ‘आजारी’, दर्शन बंद. या अणसरात मूर्ती पुन्हा रंगवतात आणि मगच रथयात्रा. मूर्तीच बदलायचं नवकलेवर अधिक आषाढाच्या वर्षी होतं, शेवटचं 2015 साली. घरी ताम्हणात छोटा आरसा उभा करून त्यावर पळीभर पाणी सोडावं. धूळ कोरड्या कुंच्यानं काढावी. ओलं गंध थेट कपाळावर नको, तिथलाच रंग आधी सुटतो.

जगन्नाथाचे पुढे आलेले हात वेगळे जोडलेले असतील तर जरा हलवून बघा. लाकडी खुंटीचा जोड टिकतो. लोखंडी खिळा असेल तर पावसाळ्यात गंजतो आणि भोवतीचा रंग तांबूस होतो. संचात सुदर्शन सहसा नसतो. मंदिरात तो खांबाच्या रूपात चौथा उभा असतो, नवकलेवरात त्याच्यासाठीही वेगळा कडुनिंब शोधतात. हवा असेल तर त्याच कारागिराकडून, त्याच मापात करून घ्यावा.