बोटावरचा ऑक्सिमीटर: चिमटा एकच, चूक मात्र ज्याची त्याची

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वापरायला इतका सोपा आहे की त्याच्यावर शंका घ्यावी असं कुणाच्या मनातच येत नाही. चिमटा उघडा, बोट घाला, बटण दाबा, आकडा वाचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांनी ऑक्सिजन घेतलाय, तो हा आकडा. पडद्यावर ९६ दिसले की जीव भांड्यात पडतो, ९१ दिसले की धावपळ सुरू होते. हे परीक्षण कुठल्या एका मॉडेलचं नाही, या अख्ख्या प्रकाराचं आहे. त्यात प्रश्न एकच लावून धरलाय: माणसं एकमेकांपासून वेगळी असताना हे यंत्र सगळ्यांना सारखी सेवा देतं का?

कौल आधीच देऊन टाकतो. वस्तू कामाची आहे, घरात असावी. पण तिच्या आकड्यावर सगळ्यांनी सारखाच भरवसा टाकू नये, कारण तो आकडा सगळ्यांसाठी सारख्या काळजीने जुळवलेला नाही.

आत फार काही नसतं. नखाकडच्या बाजूला दोन एलईडी: एक लाल, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दुसरा अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, ९४० च्या आसपासचा. समोर प्रकाश टिपणारा फोटोडायोड. दोन्ही दिवे आळीपाळीने, सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात. मध्येच दोन्ही बंद असतात तेवढ्यात खोलीतला उजेड मोजून तो वजा केला जातो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडून दिलेलं लाल प्रकाश जास्त शोषतं. कातडी, नख, हाड हे सगळं वाटेत येतं, पण त्यांचं शोषण स्थिर असतं. नाडीच्या ठोक्यागणिक कमीजास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त. तेवढा हलणारा भाग घ्यायचा, त्याला स्थिर भागाने भागायचं, आणि लाल व अवरक्त यांचं गुणोत्तर काढायचं. ही युक्ती जपानच्या निहोन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७०च्या दशकातली.

युक्ती मोठी देखणी आहे. रंग, जाडी, वय सगळं भागाकारात उडून जातं आणि उरतं फक्त रक्त. कागदावर तरी तसंच.

घोळ पुढच्या पायरीवर होतो. गुणोत्तरापासून टक्के कसे काढायचे? ढोबळ सूत्र असं: ११० मधून गुणोत्तराची २५ पट वजा करा. गुणोत्तर १ असेल तर ८५ टक्के, ०.५ असेल तर ९७.५. पण यंत्राच्या चिपमध्ये असतो तो तक्ता नुसत्या सिद्धांतातून निघालेला नसतो, तो माणसांवर मोजून बनवलेला असतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांची पातळी टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांच्या आसपास आणतात, दर टप्प्याला धमनीतून रक्त काढून को-ऑक्सिमीटर या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजतात, आणि त्या आकड्यांसमोर गुणोत्तरं मांडतात. म्हणजे आपल्या बोटातून आलेलं गुणोत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांवरून केलेल्या तक्त्यात शोधलं जातं.

ती बोटं कुणाची? औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीसाठी किमान १० माणसं आणि २०० नोंदी सांगितल्या होत्या, आणि त्यांत गडद त्वचेचे किमान २ जण किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. दहांत दोन.

आता अचूकतेचा आकडा पाहा. माहितीपत्रकात तो ‘एआरएमएस’ या नावाने येतो: प्रत्येक नोंदीतली चूक घ्या, तिचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या. बोटाच्या चिमट्यासाठी एफडीएची मर्यादा ३ टक्क्यांची, आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाची ४ ची. एक साधं गणित मांडू. समजा दहा माणसांपैकी आठ जणांत यंत्र १ टक्क्याने चुकतं आणि उरलेल्या दोघांत दर वेळी ५ टक्के जास्त दाखवतं. वर्गांची बेरीज ८ अधिक ५०, म्हणजे ५८. सरासरी ५.८. वर्गमूळ साधारण २.४. यंत्र पास! त्या दोघांचा खरा आकडा ८७ असताना पडद्यावर ९२ दिसत राहील, आणि खोक्यावर ‘अचूकता तपासलेली’ असं छापलेलं असेल, तेही खोटं न बोलता.

आमची खरी तक्रार इथे आहे. सरासरी सगळ्यांची काढली की चूक सगळ्यांना वाटली जाते असा भास होतो, प्रत्यक्षात ती ज्याच्या त्याच्या वाट्याला जाते. शिवाय या दोन चुकांची जातकुळीही वेगळी. कधी एक जास्त, कधी एक कमी अशी चूक असेल तर चार वेळा मोजून सरासरी घेता येते. दर वेळी एकाच दिशेला जाणारी चूक शंभरदा मोजली तरी जात नाही.

हे नुसतं कल्पनेतलं गणित नाही. यांत्रिक श्वसनावर असलेल्या रुग्णांवरच्या १९९० सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की गोऱ्या रुग्णांसाठी ९२ टक्क्यांचं लक्ष्य पुरतं, कृष्णवर्णीयांत तेवढ्याच भरवशासाठी ९५ लागतात. ते मागे पडलं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पुन्हा मोजमाप प्रसिद्ध केलं. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७. तीस वर्षं तोच दोष, तोच चिमटा.

असं का होतं, याचं एक कारण दिव्यातच आहे. एलईडीचा प्रकाश नेमक्या एका तरंगलांबीचा नसतो, थोडा पसरट असतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन लाल प्रकाशातला लहान तरंगलांबीचा भाग जास्त खातं. त्यामुळे रक्तापर्यंत पोचणारा लाल प्रकाश सरासरीने जरा लांब तरंगलांबीकडे सरकतो, आणि तिथे ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन कमी शोषण करतं. गुणोत्तर घटतं, टक्के वाढतात. एकूण प्रकाशच कमी पोचल्याने संकेत क्षीण होतो हे आणखी एक कारण. पातळी जितकी खाली, तितकी ही चूक मोठी. म्हणजे आकडा नेमका हवा असतो तेव्हाच.

यावर एक उपाय चटकन सुचतो: त्वचेचा रंग विचारा आणि तितके टक्के वजा करा. तो आम्हाला पटत नाही. का, ते कळायला दुसरं एक यंत्र बघावं लागेल: फुप्फुसांची क्षमता मोजणारा स्पायरोमीटर. त्यात कित्येक वर्षं वंश विचारून अपेक्षित क्षमतेचा आकडा बदलला जायचा. कृष्णवर्णीय म्हटलं की अपेक्षाच १० ते १५ टक्क्यांनी कमी, आशियाई म्हटलं की ४ ते ६ टक्क्यांनी. परिणाम असा की तितकंच फुंकणाऱ्या दोघांपैकी एकाला आजारी ठरवायचं आणि दुसऱ्याला ‘तुमच्या मानाने ठीक’ म्हणून घरी पाठवायचं. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने वंश न विचारणारी सूत्रं वापरायला सांगितलं. मूत्रपिंडाच्या कार्याच्या सूत्रातला असाच गुणक २०२१ मध्ये काढून टाकला गेला.

एकीकडे फरक दिसायला हवा होता तिथे डोळेझाक, दुसरीकडे फरक मोजण्याची गरज नव्हती तिथे तो गणितात घुसवलेला. ‘सगळ्यांना एकच सूत्र’ हा नियम करून भागत नाही आणि ‘प्रत्येकाच्या गटाला वेगळं सूत्र’ हाही नाही. विचारायचं ते असं: अमुक फरक या मोजमापात खरंच आड येतो का, कुठल्या मार्गाने येतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो? मेलॅनिन प्रकाशाच्या वाटेत येतं, ते मोजता येतं. वंश प्रकाशाच्या वाटेत येत नाही. म्हणून ऑक्सिमीटरमध्ये दुरुस्ती करायची तर दिव्यांत, तक्त्यात आणि चाचणीत करावी. माणसाला गटाची चिठ्ठी चिकटवून नव्हे.

सुधारणा त्याच वाटेने चालली आहे. एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय ऑक्सिमीटरसाठी नवा मसुदा काढला: दहाऐवजी १५० किंवा अधिक माणसं, आणि रंगछटा ठरवायला समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची पट्टी, जोडीला उपकरणाने केलेलं रंगाचं मोजमाप. आधी चालत आलेली फिट्झपॅट्रिक पट्टी ६ प्रकारांची, आणि ती १९७५ मध्ये बनली होती उन्हाने कातडी भाजते की रापते हे बघायला. ती इथे कशी काय आली हे एक कोडंच.

रंगाखेरीज बाकीच्या कुरबुरी थोडक्यात. लहान मुलांचं बोट मोठ्यांच्या चिमट्यात सैल बसतं, प्रकाश बोटाला वळसा घालून थेट फोटोडायोडवर पडतो आणि आकडा निरर्थक होतो. त्यांच्यासाठी वेगळा लहान चिमटा किंवा चिकटपट्टीचा प्रोब लागतो. हात गार असेल तर नाडीची लहर सापडत नाही. काळं, निळं, हिरवं नखपॉलिश त्रास देतं, ते काढा. नाहीच निघत तर चिमटा आडवा फिरवून बोटाच्या बाजूंवर लावून पाहा. धुरात गुदमरलेल्या माणसावर हे यंत्र वापरूच नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ते खुशाल ९८ दाखवतं.

रक्तक्षयाचं जरा सविस्तर सांगायला हवं. पडद्यावरचा आकडा टक्के आहे, साठा नाही. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतो. हिमोग्लोबिन १५ असलेल्याकडे ९८ टक्क्यांना दर १०० मिलिलिटर रक्तामागे जवळपास १९.७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७ असलेल्याकडे त्याच ९८ ला फक्त ९.२. दोघांच्या बोटांवर आकडा हुबेहूब सारखा, आणि यात यंत्राची काडीचीही चूक नाही.

मोजायची रीत अशी. पाच मिनिटं शांत बसा. हात चोळून ऊबदार करा, टेबलावर छातीच्या उंचीला टेकवा. तर्जनी किंवा मधलं बोट, नख वर करून, आतल्या रबराला टेकेपर्यंत घाला. पहिला आकडा सोडून द्या. यंत्र काही सेकंदांची सरासरी काढतं, म्हणून अर्धा ते एक मिनिट तो स्थिरावू द्या. वरखाली होणारी पट्टी लयीत हलते का पाहा. मनगटावर १५ सेकंद नाडी मोजा, ४ ने गुणा, पडद्यावरच्या नाडीशी ताडून पाहा. ती जुळत नसेल तर टक्क्यांचा आकडाही धरू नका.

तब्येत ठणठणीत असतानाचा आकडा लिहून ठेवा. त्याच हाताचं, तेच बोट. दर वेळी तितकंच जास्त दाखवणारं यंत्रसुद्धा घसरण बऱ्यापैकी पकडतं, म्हणून आपल्या नेहमीच्या आकड्यात ३-४ टक्क्यांची घट दिसली तर ९४ च्या खाली जायची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना कळवा. धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, गुंगी येत असेल तर पडद्यावर काहीही दिसो, मदत मागा. ‘ओठ निळे पडतात का पाहा’ ही पुस्तकी सूचनाही गोऱ्या चेहऱ्यावरून लिहिलेली आहे. गडद त्वचेत जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू बघावी लागते.

विकत घेताना पडद्याचे रंग आणि ब्लूटूथ यांवर वेळ घालवू नका. माहितीपत्रक उघडा. एआरएमएस किती, ७० ते १०० या पूर्ण पट्ट्यात की वरच्याच टोकाला, चाचणी किती जणांवर आणि त्यांत गडद त्वचेचे किती, हे शोधा. ‘फक्त आरोग्य व क्रीडा वापरासाठी’ असं बारीक अक्षरांत असेल तर वैद्यकीय मान्यतेची तपासणी त्या यंत्राची झालेली नसावी असंच धरून चाला. बहुतेक नोंदींतली चूक एआरएमएसच्या दुपटीच्या आत राहते, म्हणून एआरएमएस २ असेल तर ९० चा अर्थ साधारण ८६ ते ९४ असा घ्यायचा, ३ असेल तर ८४ ते ९६, आणि तोही चाचणीतल्या माणसांसारखंच आपलं बोट असेल तर. गडद त्वचेवरची चूक वेगळी छापलेलं पत्रक मिळालं, तर बाकी वैशिष्ट्यं न बघता तेच यंत्र घ्या.