स्पेअर पार्टच्या दुकानात फोरकास्टवालं सॉफ्टवेअर, नऊ महिन्यांनंतर

कुठला पार्ट किती लागेल याचा जुन्या विक्रीवरून अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर गेल्या जूनमध्ये घेतलं. सांगली जिल्ह्यात ऊसपट्ट्यात दुकान आहे, ट्रक-ट्रॅक्टरचं जास्त, टू-व्हीलरचं थोडंफार. साडेचार हजाराच्या आसपास पार्ट नंबर, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वर्षात पाच-सहा वेळा पण हलत नाहीत. सॉफ्टवेअरचं नाव नाही लिहीत, कारण माझं भांडण सॉफ्टवेअरशी नाहीये.

ऑइल फिल्टर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, चेन स्प्रॉकेट असल्या फास्ट मालाला एक नंबर. आधी सेल्समन आला की अंदाजाने ऑर्डर सोडायचो आणि स्कीम बघून डबे भरून ठेवायचो, ते बंद झालं. याबद्दल जास्त लिहीत नाही, रोज विकणाऱ्या मालाचं गणित कुणालाही जमतं.

खरी गंमत सावकाश मालाची. जुन्या गाडीचा मागचा व्हील सिलिंडर घ्या. वर्षात तीन गिऱ्हाइकं, प्रत्येकाने दोन-दोन नेले, बाकी नऊ महिने शून्य. सरासरी काढली तर महिन्याला अर्धा, म्हणून स्क्रीनवर 'एक ठेवा'. अरे पण एक घेऊन कोण जातंय, मेकॅनिक दोन्ही बाजूचे एकदमच बदलतो, एक दिसला की तो दुसऱ्या दुकानात. शिवाय विक्री झाली की लगेच आकडा उसळतो आणि मग महिनोन्‌महिने खाली घसरत जातो, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या टायमाला सगळ्यात कमी. सपोर्टवाल्या पोराने सेटिंगमध्ये क्रॉस्टन नावाचा पर्याय दाखवला, पद्धत १९७२ ची आहे म्हणे. त्यात 'किती दिवसांनी मागतात' आणि 'मागितलं की किती मागतात' हे वेगवेगळं धरतात. ते लावल्यावर 'दोन ठेवा' आलं. एवढी कामाची गोष्ट डिफॉल्टला का नाही हे मला अजून कळलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर कहर. जीएसटी २८ वरून १८ होणार हे कळल्यावर २२ तारखेपर्यंत ज्याला शक्य होतं त्याने काम पुढे ढकललं, गॅरेजवाल्यांनी पण हात आखडला. सॉफ्टवेअरला वाटलं मागणीच मेली! त्याने ऑक्टोबरच्या ऑर्डरी कापल्या, आणि नोव्हेंबरात साखर कारखाने पेटायच्या आधी ट्रॉलीचे हब बेअरिंग, पाटे, यू-बोल्ट लागतात ते त्याच्या गावी नव्हतं. मी हाताने आकडा बदलला म्हणून वाचलो. आता तो महिना हिशोबातून वगळून टाकलाय.

पार्ट नंबर बदलला की पण तेच. कंपनी जुन्या जागी नवा नंबर देते, सॉफ्टवेअरला ते नवं लेकरू वाटतं, जुना इतिहास हाताने जोडावा लागतो. पोराला बसवून दोन रविवार घालवले.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच. हे फक्त बिलं वाचतं. जो माणूस काउंटरवर येऊन 'आहे का?' विचारतो आणि आपण 'नाही' म्हटलं की जातो, तो त्याच्या लेखी आलाच नाही. माल नव्हता म्हणून विक्री शून्य, विक्री शून्य म्हणून ऑर्डर शून्य, असं चक्र. वडील गल्ल्याशेजारी एक वही ठेवायचे, परत गेलेल्या गिऱ्हाइकाने काय मागितलं ते लिहायला, आणि मी सॉफ्टवेअर आल्यावर ती बंद केली होती (हसू नका). डिसेंबरपासून परत चालू केली. रोज रात्री त्यातलं 'न दिलेली मागणी' म्हणून भरतो, एकच माणूस तीन वेळा विचारून गेला तर एकदाच धरायचं, नाहीतर आकडा फुगतो.

फेब्रुवारीत वहीतली पानं निम्मी झाली. डेड स्टॉकचं मात्र काही झालं नाही, माळ्यावर तसाच आहे, जुन्या बीएस-३ गाड्यांच्या जमान्यातला. रिन्यूअल जूनमध्ये आहे, करणार आहे, पण क्रॉस्टन कुठे लावायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय, कारण अपडेट आलं की सेटिंग उडतं.