रनर निवडणारा रोलर सेपरेटर: राबाळ्यातील आठ महिन्यांचा अनुभव

नवी मुंबईतील राबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून माल बनवणारी १२० आणि १५० टनांची (टन म्हणजे साचा घट्ट बंद धरण्याचा जोर) दोन मोल्डिंग मशिने चालतात. माल लहान असतो: नायलॉन ६६ च्या केबल क्लिपा, पॉलिप्रॉपिलीनची टोपणे आणि एबीएसची काही बटणे. फेब्रुवारीत आम्ही १२० टनी मशिनला माल आणि रनर (साच्यात मालापर्यंत जाणाऱ्या वाटेत गोठलेले प्लास्टिक) वेगळे करणारा, स्थानिक बनावटीचा रोलर सेपरेटर जोडला. आता एक पूर्ण पावसाळा त्यावर काढून झाल्यानंतर हे लिहीत आहे, कारण खरेदीपूर्वी जे विचारायला हवे होते ते मला तेव्हा सुचले नाही आणि विक्रेत्याने ते आपणहून सांगितले नाही.

यंत्र साधे आहे. साच्यातून पडलेला शॉट (एका सायकलमध्ये बाहेर येणारा माल आणि रनर) पट्ट्यावरून चढून आटे असलेल्या सहा समांतर रोलरांवर येतो. दोन रोलरांमधील फटीतून माल खालच्या क्रेटमध्ये पडतो आणि फटीत न मावणारा रनर आट्यांबरोबर सरकत टोकाच्या ग्राइंडरकडे जातो. म्हणजे हे यंत्र कापत काहीच नाही, फक्त निवडते. माल रनरपासून तोडण्याचे काम साच्यानेच करून द्यावे लागते, आणि ते गेटवर, म्हणजे माल व रनर जोडणाऱ्या अरुंद तोंडावर, अवलंबून असते. टनेल गेट (मालात तिरके शिरणारे) असेल तर इजेक्टर पिना माल ढकलतात त्याच क्षणी गेट कातरले जाते. थ्री-प्लेट (तीन प्लेटींच्या) साच्यात टाचणीएवढे पिनपॉइंट गेट प्लेटी उघडतानाच तुटते. एज गेटच्या (मालाच्या कडेला जोडलेल्या गेटच्या) टू-प्लेट साच्यातून मात्र माल रनरला चिकटूनच बाहेर येतो, आणि तिथे निपरला (हाताने कापायच्या कातरीला) पर्याय नाही. आमची एबीएसची बटणे नेमकी याच प्रकारात मोडतात, हे मला यंत्र गाळ्यात उतरवून घेतल्यावर उमगले.

क्लिपांच्या साच्यावर मात्र यंत्राने आपली किंमत वसूल केली, आणि तीही मला अपेक्षित नसलेल्या बाजूने. हा साचा १६ कॅव्हिटींचा (एका वेळी १६ क्लिपांचा) आहे, सायकल २४ सेकंदांची, म्हणजे तासाला २,४०० क्लिपा. एका शॉटमध्ये क्लिपा मिळून सुमारे १९ ग्रॅम भरतात आणि रनर ११ ग्रॅम. पूर्वी हा रनर गोणीत साठायचा आणि ग्राइंडर मोकळा झाला की, कधी दुसऱ्या तर कधी चौथ्या दिवशी, दळला जायचा. नायलॉन हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ते रीग्राइंड (दळलेला रनर) ८० अंशांवर नेहमीचे चार तास सुकवूनही मालावर चंदेरी रेघा उमटायच्या, आणि आम्ही दोष ड्रायरला देत राहायचो. आता रनर कोमट असतानाच दळला जातो आणि झाकणबंद डब्यातून लगेच मशिनच्या हॉपरकडे (दाणे भरायच्या नरसाळ्याकडे) परततो. यंदाच्या पावसाळ्यात रेघांमुळे बाद झालेला माल लक्षणीयरीत्या कमी होता. अडचण एवढीच की ग्राहकाची परवानगी २५ टक्के रीग्राइंडची आहे आणि आमचा रनर शॉटच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरतो, त्यामुळे उरलेले रीग्राइंड कमी दर्जाच्या दुसऱ्या मालात वापरावे लागते. त्यावर सेपरेटर तरी काय करणार!

एप्रिलमध्ये एक तक्रार आली. क्लिपांच्या पिशवीत रनरचे तुकडे सापडले होते. साच्यातून नुकतेच निघालेले नायलॉन अगदी कोरडे असते आणि म्हणून ठिसूळ असते. ओलावा पिऊन ते नंतर चिवट होते. पट्ट्यावरून रोलरांवर पडताना रनरच्या फांद्या मोडत होत्या आणि क्लिपेएवढे तुकडे फटीतून सरळ चांगल्या मालात जात होते. पडण्याची उंची कमी करून खाली रबरी शीट अंथरल्यावर हे प्रमाण बरेच घटले, पण संपले नाही. त्यामुळे पॅकिंगपूर्वी एक नजर टाकणारा माणूस आजही लागतो. विक्रेत्याचे ‘माणूस लागणार नाही’ हे वाक्य म्हणूनच मी खोडून टाकले आहे.

पॉलिप्रॉपिलीनची तऱ्हा नेमकी उलटी. स्प्रू (मशिनच्या तोंडापासून रनरपर्यंतचा दांडा) हा शॉटमधला सर्वांत जाड भाग असल्याने तो सर्वांत उशिरा गार होतो, आणि गरम असताना रनर मोडण्याऐवजी वाकून रोलरला गुंडाळला जातो. पट्ट्याचा वेग कमी करून वर एक साधा पंखा लावला, तेव्हा अडकणे थांबले. गुंता सोडवताना कुणी चालू रोलरांत हात घालू नये म्हणून झाकण उघडताच मोटर थांबवणारा स्विच अत्यावश्यक आहे. आमच्या यंत्राला तो नव्हता. आम्ही तो पहिल्याच आठवड्यात बसवून घेतला.

एक फायदा अनपेक्षित होता. ग्राइंडरच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या मावशी जूनमध्ये म्हणाल्या, “दादा, रनरला क्लिपा लटकून येतायत, चांगला माल दळला जातोय.” साचा उघडून पाहिला तेव्हा दोन कॅव्हिटींच्या टनेल गेटची धार झिजलेली निघाली. हाताने निवडताना अशा क्लिपा नकळत ओढून काढल्या जात असत आणि झीज महिनोन् महिने लपून राही. आता दर पाळीला रनरसोबत आलेल्या क्लिपा मोजून वहीत नोंदवतो.

साचा बदलताना रोलरांमधील फट वॉशर घालून जुळवावी लागते. हे काम पहिल्यांदा दीड तासाचे होते, आता वीस मिनिटांत होते, कारण प्रत्येक साच्याचे वॉशर नाव घातलेल्या डबीत ठेवले आहेत. माल आणि रनरची जाडी जवळपास सारखी असेल, तर मात्र कोणतीही फट उपयोगी पडत नाही. खरेदीआधी आपल्या साच्यातले शंभर शॉट गोणीत भरून विक्रेत्याकडे न्यावेत आणि समोर चालवून पाहावेत.

बटणांसाठी दोघी मावशी आजही निपर घेऊन बसतात. तो साचा टनेल गेटमध्ये बदलता येईल का, हे पाहण्यासाठी साचेवाल्याकडे दिला आहे. दिवाळीनंतर देतो म्हणाला आहे.