सुटा 9 वॅटचा डीओबी बल्ब: जिन्यात चालेल, अभ्यासाच्या टेबलावर नको

पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत पन्नास-साठ रुपयांना मिळणारा, बिननावाचा एलईडी बल्ब. उजेड भरपूर, वजन अगदीच कमी. हलका, कारण आत वेगळा ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेला एलईडीला लागणाऱ्या स्थिर करंटमध्ये बदलणारं सर्किट, नाही. एकाच ॲल्युमिनियमच्या प्लेटवर एलईडी चिप, एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, करंट आवरणारी लिनिअर आयसी आणि नशीब असेल तर 4.7 मायक्रोफॅरड, 400 व्होल्टचा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून मधल्या काळात पुरवणारा भाग. दुकानदार याला डीओबी (ड्रायव्हर-ऑन-बोर्ड) म्हणतात.

सगळी गोम त्या कपॅसिटरात आहे. 18 व्होल्टच्या 12 चिप एकापुढे एक जोडल्या की 216 व्होल्टची माळ होते. आपली 230 व्होल्टची वीज दर अर्ध्या आवर्तनात 325 पर्यंत चढते आणि शून्यावर येते. कपॅसिटर गाळलेला असेल, तर व्होल्टेज 216 च्या खाली जाताच माळ विझते. म्हणजे 10 मिलिसेकंदांतले सुमारे साडेचार अंधाराचे, आणि हे सेकंदाला 100 वेळा. डोळ्याला मात्र उजेड एकसंध दिसतो.

कपॅसिटर असला तरी निर्धास्त राहू नका. 35 मिलिअँपिअरच्या माळेला दोन शिखरांमधल्या काळात तो पन्नासेक व्होल्टने उतरतो. 230 वर हे खपून जातं. पण संध्याकाळी लाइन 180 वर आली की शिखरच 254 चं, त्यातून पन्नास वजा केले की 216 च्या खाली, माळ उपाशी. शिवाय बंद ग्लोबमधल्या (बल्बच्या पांढऱ्या गोल टोपीतल्या) उष्णतेने कपॅसिटर सुकत जातो, म्हणून आज बरा असलेला बल्ब वर्षभराने फडफडू शकतो. वेगळा स्विचिंग ड्रायव्हर असलेल्या चांगल्या बल्बला व्होल्टेजची ही पडझड सहसा जाणवत नाही.

न दिसणाऱ्या फडफडीने काय बिघडतं? ब्रिटनमध्ये 1989 साली ऑफिसांतल्या ट्यूबलाइटवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या चोकच्या 100 हर्ट्झच्या ट्यूबऐवजी उच्च वारंवारतेच्या चोकवर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. 1998 च्या स्वीडिश प्रयोगात फडफड अधिक वेगापर्यंत टिपू शकणाऱ्यांच्या मेंदूतल्या अल्फा लहरी जुन्या चोकखाली दबल्या. त्यांचं काम वेगाने झालं, पण चुका वाढल्या. म्हणजे लक्षावर परिणाम होतो, तोही सगळ्यांवर सारखा नाही. ‘बल्बमुळे मूड जातो’ या दाव्याला मात्र इतका भक्कम आधार नाही; चिडचिड झालीच तर ती बहुधा दुखणाऱ्या डोक्याची. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1789-2015 या मानकानुसार 100 हर्ट्झला उजेडातला 8 टक्क्यांपर्यंतचा चढउतार कमी जोखमीचा. कपॅसिटर नसलेला बल्ब यात बसूच शकत नाही, तो जवळपास 100 टक्क्यांवर असतो. खोक्यावरच्या स्टार लेबलवर याचा पत्ता लागत नाही, ते लुमेन प्रतिवॅटचं, म्हणजे दर वॅटमागे किती उजेड याचं आहे.

दुकानातच तपासा. मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडवर, शटर 1/2000, आणि बल्बच्या अगदी जवळ. जाड काळे पट्टे सरकताना दिसले की बल्ब परत. पुसट करडे पट्टे चालतील. ऑटो मोडवर तपासून ‘काही नाही’ असं ठरवू नका, तिथे कॅमेरा शटर 1/50 किंवा 1/100 वर नेऊन पट्टे लपवतो. प्रो मोड नसेल तर बल्बखाली पेन झपाझप हलवा. एक सलग पुसट पट्टा दिसायला हवा. सुट्या सुट्या पेनांची रांग दिसली तर घेऊ नका. ग्लोब उघडून कपॅसिटर शोधण्याचा मोह टाळा, चालू बल्बची ती प्लेट थेट मेन्सला जोडलेली असते.

जिना, न्हाणीघर, माळा इथे हा बल्ब खुशाल लावा. शिवणयंत्र, लेथ किंवा ग्राइंडरजवळ मात्र अजिबात नको: 100 हर्ट्झच्या उजेडात फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. आणि बटण बंद असतानाही बल्ब अधूनमधून चमकत असेल, तर तो दोष बहुधा बल्बचा नाही. स्विचमधल्या निऑन इंडिकेटरमधून (छोट्या दिव्यातून) झिरपणारा करंट कपॅसिटर हळूहळू भरतो. इंडिकेटर काढला की चमकणं सहसा थांबतं.