दोन रात्री हाती असतील तर : क्योतो की कोयासान?

जपानच्या सहलीत ओसाकाला मुक्काम असला, की उरलेल्या दोन रात्री क्योतोत काढाव्यात की कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगरावर, हा प्रश्न हमखास पडतो. मी आईसोबत दोन्हीकडे राहून आलो आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, त्यामुळे माझे माप कुणीकडे झुकते हे लपवण्यात अर्थ नाही.

क्योतोला जाणे सोपे आहे. ओसाकाहून जलद गाडीने अर्ध्या तासात पोहोचता येते. कोयासानसाठी मात्र ओसाकातल्या नांबा स्थानकाहून डोंगराच्या पायथ्याच्या गोकुराकुबाशीपर्यंत सुमारे दीड तासाची रेल्वे, मग केबल कार आणि वर पुन्हा बस असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

पाहण्यासारखे क्योतोत अधिक आहे, यात वाद नाही. सोनेरी किंकाकुजी मंदिर सगळेच पाहतात (मूळ वास्तू १९५० मध्ये जळाली, आजची १९५५ ची आहे), पण वेळ थोडा असेल तर मी सांजूसानगेंदो हे मंदिर सुचवेन. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या लाकडी सभागृहात सहस्रभुज कानोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत, आणि त्यांच्या रक्षणासाठी असलेल्या २८ देवतांमध्ये इंद्र आणि गरुड जपानी वेशात भेटतात. गर्दीची मात्र तयारी ठेवावी.

जेवणाच्या बाबतीत पारडे फिरते. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले दाशी हे पातळ सार बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात, म्हणून नुसत्या भाज्यांचे सूपही शाकाहारी असेलच असे नाही. क्योतोतल्या एका लहानशा उपाहारगृहात ‘मांस-मासे नको’ अशी जपानी चिठ्ठी दाखवूनही आईपुढे आलेल्या गरम वांग्यावर तो कीस वाफेने थरथरत होता, आणि वाढणाऱ्या बाईंना त्यात काही वावगे वाटले नाही. मंदिरांचे शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, क्योतोतही मिळते, पण ते ठरावीक ठिकाणी आणि बहुधा आधी सांगून.

कोयासानला तेच रोजचे जेवण आहे. बौद्ध भिक्षू कूकाई यांनी ८१६ मध्ये वसवलेल्या या क्षेत्री सुमारे ५० मंदिरांत यात्रेकरूंची सोय होते, आणि ताटात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. सुपाची चव कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळिंबीची. तीळ आणि कुझू वेलीच्या मुळाच्या सत्त्वाचा गोमादोफू आईने खरवसासारखा म्हणत चवीने खाल्ला. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र आधी कळवावे, कारण मुळा-गाजर असतेच.

गैरसोयीही आहेत. जेवण साडेपाच-सहालाच उरकते, बसणे-झोपणे जमिनीवर, स्नानगृह बहुधा सामाईक, आणि हिवाळ्यात कागदी दारांतून थंडी थेट आत येते. गुडघे दुखत असतील किंवा मुले संध्याकाळी कंटाळणारी असतील, तर दोन्ही रात्री क्योतोतच काढाव्यात. इतरांनी एक रात्र तरी वर राहावे, कारण काही मंदिरांतल्या पहाटेच्या पूजेतला ‘गोमा’ हा आपला होमच आहे.

पूजेनंतर कूकाई यांच्या समाधिस्थानाकडे, ओकुनोइनकडे, चालत जावे. देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांतून सुमारे दोन किलोमीटरची वाट जाते, आणि कडेच्या पाच थरांच्या समाध्यांवर पंचमहाभूतांची बीजाक्षरे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत कोरलेली दिसतात. ८३५ पासून कूकाई तिथे समाधीतच बसून आहेत अशी श्रद्धा असल्यामुळे भिक्षू रोज दोनदा लाकडी पेटीतून त्यांचे जेवण नेतात. ती पेटी समोरून गेली तेव्हा आईने आळंदीत जोडते तसेच हात जोडले.