डॉक्सच्या स्पेलिंगसाठी काय लावाल: चुकांची यादी, शब्दकोश, लिंटर की माणसाची नजर?

हिंजवडी, खराडी, बाणेरच्या मोठ्या कंपन्यांत डॉक्युमेंटेशन, म्हणजे डॉक्स, लिहायला वेगळी माणसं असतात. लहान कंपन्यांत ते काम डेव्हलपरच उरकतात. पुढे दोन्हीकडे एकच घडतं. रेपोत (कोड आणि फाइलींच्या सामाईक साठ्यात) मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणांनी सजवलेल्या मजकुराच्या, फाइली साचत जातात, एखाद्या ग्राहकाचा चुका दाखवणारा मेल येतो आणि मीटिंगमध्ये ठरतं, "एखादं टूल लावून टाकू." कोणतं टूल, हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलं असेल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगते. कोणतं टूल जास्त चुका पकडतं यावर निवड करू नका. टूलने चुकीची दुरुस्ती केली तर काय मोडेल, ते आधी बघा. पुस्तकातला शब्द सुधारला की काम संपतं. डॉक्समधला शब्द मात्र बऱ्याचदा एखाद्या लिंकला, कमांडला किंवा भाषांतराला बांधलेला असतो. राहून गेलेली चूक वाचकाला खटकते, पण चुकीची दुरुस्ती त्याचं काम अडवते.

हात लावू नये अशा चुका

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीमधलं. आपण कोणत्या पानावरून आलो हे सर्व्हरला सांगणारं 'रेफरर' हे हेडर मे १९९६ च्या आरएफसी १९४५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात एक 'आर' कमी असलेल्या स्पेलिंगने छापलं गेलं आणि तसंच रूढ झालं. आज ते 'सुधारून' पाठवलं तर सर्व्हर ते ओळखणार नाही. नंतर आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' या हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे डॉक्सच्या एकाच पानावर दोन्ही स्पेलिंगं शेजारी-शेजारी असू शकतात आणि दोन्ही तशीच ठेवावी लागतात. युनिक्सच्या 'क्रिएट' या सिस्टिम कॉलला शेवटचा 'ई' नाही, 'अनमाउंट' करणाऱ्या कमांडमध्ये पहिला 'एन' नाही. तुमच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्येही घाईत ठेवलेलं असं एखादं नाव असणारच. ते बदलायचं असेल तर आधी कोडमध्ये बदला, जुनं नाव काही काळ चालू ठेवा आणि मगच डॉक्सकडे या.

मथळ्यांचंही असंच. मार्कडाउनमधल्या मथळ्यापासून लिंकचा शेवटचा तुकडा आपोआप तयार होतो. मथळ्यातलं एक अक्षर सुधारलं की तो तुकडा बदलतो. मग त्या भागाकडे येणाऱ्या जुन्या लिंक पानाच्या वरच्या टोकाला नेऊन सोडतात. चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही, म्हणून हे महिनोन्‌महिने कळत नाही. मथळा जरूर सुधारा, पण जुना अँकर (लिंकचा तो तुकडा) हाताने लिहून ठेवा.

डॉक्समध्ये जसाच्या तसा दिलेला एरर मेसेज चुकीच्या स्पेलिंगसकटच राहू द्या. अडचणीत सापडलेला माणूस पडद्यावरचा मजकूर कॉपी करून शोधतो. डॉक्समध्ये तुम्ही तो शुद्ध केलात तर त्याला तुमचं पान सापडणार नाही.

भाषांतरांची बाजू फारशी कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या टूलच्या पीओ फाइलीत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. समजा, 'युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड' या वाक्यात 'एक्स्पायर्ड'चं स्पेलिंग चुकलं होतं आणि तुम्ही एक अक्षर दुरुस्त केलंत. पुढच्या वेळी फाइली अद्ययावत करताना मराठी, हिंदी, तमिळ, जर्मन अशा सगळ्या भाषांतल्या त्या भाषांतरावर 'फझी' (पुन्हा तपासायला हवं) अशी खूण पडते. फझी भाषांतरं तयार पॅकेजमध्ये सहसा घेतली जात नाहीत, म्हणून 'तुमचे सत्र संपले आहे' हे नीट असलेलं मराठी वाक्य गायब होऊन तिथे इंग्रजी दिसू लागतं. स्फिंक्स या डॉक्स बनवणाऱ्या टूलवर चालणाऱ्या डॉक्समध्ये तर साधारणपणे अख्खा परिच्छेद ही एक किल्ली असते, म्हणजे एका अक्षरापायी आठ-दहा ओळींचं भाषांतर अडकतं. यावर उपाय आहे. इंग्रजी वाक्य सुधारताना त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) सगळ्या पीओ फाइलींतली किल्लीही तशीच सुधारायची, म्हणजे खूण पडत नाही. आणि ही कामं स्ट्रिंग फ्रीझ (वाक्यं बदलायला बंदी) लागण्याआधी उरकायची. मराठीत भाषांतर करणारे मोजके लोक बहुधा नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात. तेच वाक्य त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेणं मला पटत नाही.

चुकांची यादी: कोडस्पेल आणि टायपोज

या दोन्ही टूलांकडे शब्दकोश नसतो. 'हे चुकीचं, ते बरोबर' अशा जोड्यांची एक लांबलचक यादी असते आणि यादीत असलेली चूकच ती दाखवतात. म्हणून ती शांत असतात. तुमच्या प्रॉडक्टचं नाव, 'हडपसर', 'कुलकर्णी' असे शब्द रोमनमध्ये लिहिलेले दिसले तरी त्यांना सहसा काही वाटत नाही. जुन्या, मोठ्या रेपोवर पहिल्याच दिवशी चालवता येईल असा हा एकच प्रकार आहे. लिनक्स कर्नलमध्येही अशीच चुकांची एक यादी ठेवलेली आहे आणि पॅच तपासणारी स्क्रिप्ट ती वापरते.

कोडस्पेल पायथॉनमध्ये आहे. 'डब्ल्यू' हा पर्याय दिला की फाइलीत थेट बदल करतं. जिथे एका चुकीला दोन-तीन बरोबर शब्द संभवतात तिथे स्वतःहून हात लावत नाही, हे त्याचं वागणं मला फार आवडतं. टायपोज रस्टमध्ये लिहिलेलं आहे. ते वेगवान आहे आणि व्हेरिएबलची जोडनावं फोडून आतले शब्द तपासतं. निव्वळ डॉक्ससाठी दोन्हींत फारसा फरक पडत नाही. तुमची टीम पायथॉनवाली असेल तर कोडस्पेल घ्या, कोड आणि डॉक्स एकाच रेपोत असतील तर टायपोज. दोन्हींमध्ये काही शब्द आणि काही फाइली वगळण्याची सोय आहे. वर सांगितलेली 'रेफरर'सारखी नावं पहिल्याच दिवशी तिथे टाका.

उणीव उघड आहे. जी चूक यादीत नाही ती यांना दिसतच नाही.

शब्दकोश: सीस्पेल, ॲस्पेल, हनस्पेल

इथे नियम उलटा. शब्दकोशात नसलेला प्रत्येक शब्द संशयित. सीस्पेल जुन्या रेपोवर चालवलं की पडदा भरून जातो. लायब्ररींची नावं, माणसांची आडनावं, संक्षेप, सगळंच येतं. आठवडाभर नेटाने बसून तुमच्या शब्दांची यादी तयार केली तर मात्र याच्याइतकी बारीक चाळणी दुसरी नाही. तुमच्याच प्रॉडक्टचं नाव कोणी चुकीचं लिहिलं, तर ते यादीवाल्या टूलांना कळणार नाही, सीस्पेलला कळेल.

यातला धोका माणसांच्या सवयीत आहे. बिल्ड लाल झाला (आपोआप होणारी तपासणी नापास झाली) की घाईतला माणूस शब्द न तपासता प्रोजेक्टच्या शब्दकोशात ढकलतो. ती चूक मग कायमची अधिकृत होते आणि पुढे कोणालाच दिसत नाही. म्हणून सीस्पेल घेणार असाल तर शब्दकोशाच्या फाइलीतला प्रत्येक बदल दुसऱ्या कोणीतरी मंजूर करायचा, असा नियम करा. ते जमणार नसेल तर सीस्पेल फक्त एडिटरमध्ये, लिहिणाऱ्याच्या समोर ठेवा. व्हीएस कोडमधलं त्याचं एक्स्टेंशन त्यासाठी उत्तम आहे.

ॲस्पेल टर्मिनलमध्ये एकेक शब्द विचारत पुढे जातं. एखाद-दुसऱ्या पानासाठी ठीक. हनस्पेलकडे मराठीच्या निमित्ताने येते.

ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगचा प्रश्न मात्र टूल निवडण्याआधी मिटवा. आपण शाळेत 'कलर' यू घालून शिकलो, प्रोजेक्टचा एपीआय (इतर प्रोग्रॅमनी वापरायची नावं) बहुतेक वेळा अमेरिकन असतो. कोणतंही एक चालेल, पण ते लिहून ठेवा. सीस्पेलमध्ये भाषा निवडता येते. कोडस्पेलमध्ये ब्रिटिशचं अमेरिकन करणारी वेगळी यादी आहे, ती मागितल्याशिवाय लागत नाही.

वेल

वेल हा गद्याचा लिंटर, म्हणजे ठरलेल्या नियमांनुसार मजकूर तपासणारं टूल आहे. मार्कडाउन, ॲस्कीडॉक, आरएसटी यांची रचना त्याला कळते, त्यामुळे कोडचे तुकडे तो सोडून देतो. कमांडच्या नावांची काळजी करणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. स्वीकारायचे आणि नाकारायचे शब्द वेगवेगळ्या फाइलींत ठेवता येतात, गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या लेखनशैलींचे तयार नियमही मिळतात. पण ते सगळे नियम एकदम लावले की लिहिणारे वैतागतात आणि महिन्याभरात टूलच बंद होतं. आधी फक्त स्पेलिंग लावा. ज्या टीमकडे लेखनशैलीचं स्वतःचं बाड आहे आणि ते सांभाळणारा एक माणूस आहे, तिने वेल घ्यावा. तीन जणांच्या टीमने या वाटेला जाऊ नये.

माणसाची नजर

'डू नॉट डिलीट' या सूचनेत 'नॉट'च्या शेवटी टी ऐवजी डब्ल्यू पडला तर 'आत्ता डिलीट करा' असा अर्थ होतो. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे वरच्यांपैकी एकही टूल हूं की चूं करणार नाही. 'फ्रॉम'चं 'फॉर्म' होणं तर रोजचंच. ज्या पानांवर डेटा पुसणं, बॅकअप, पैसे किंवा परवानग्या यांबद्दल लिहिलेलं आहे, ती पानं माणसानेच वाचली पाहिजेत, आणि लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने. सदाशिव-नारायण पेठेतल्या छापखान्यांत मुद्रितशोधनाची रीत होती: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. डॉक्ससाठी तिचं रूप असं की एकाने पायरी वाचायची आणि दुसऱ्याने ती खरोखर मशीनवर करून बघायची. वेळ लागतो, म्हणूनच सगळ्या पानांना नाही, जोखमीच्या पानांना.

एआयकडून तपासून घेणारे आता बरेच आहेत. 'नॉट-नाऊ'सारख्या चुका त्याला सापडतात, हे खरं. पण सुधारलेली फाइल मागितली की ते वाक्यही गुळगुळीत करून देतं आणि त्यात एखादा 'किमान', एखादा 'फक्त' गळून पडतो. त्याच्याकडून फक्त चुकांची यादी मागा, बदल स्वतः करा आणि कमिट करण्याआधी गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलचा शब्दवार डिफ (जुन्या-नव्यातला फरक) बघा.

डॉक्स मराठीत असतील तर

इथे चित्र बदलतं. प्रमाण मराठीच्या लेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. म्हणजे आधार पक्का आहे, अडचण टूलांची आहे. हनस्पेलसाठी मराठी शब्दकोश उपलब्ध आहे. पण हनस्पेल एका शब्दामागचे प्रत्यय दोन थरांपर्यंतच सोलतो, आणि आपण 'सर्व्हरवरच्यांपैकीसुद्धा' असं सहज लिहून जातो. त्यामुळे बरोबर शब्दांखालीही लाल रेघा येतात आणि लोक त्यांच्याकडे बघणंच सोडून देतात.

त्याहून छुपी अडचण युनिकोडची. 'ॲप'मधला 'ॲ' हे एकच स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतं, आणि 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला सारखेच, मशीनला वेगळे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र 'ऱ'ला हलन्त जोडून येतो किंवा साध्या र्‌ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही येतो. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने या जोड्या एक होत नाहीत. परिणामी डोळ्यांना शुद्ध दिसणाऱ्या पानात शोध लागत नाही आणि तपासनीस एक रूप बरोबर, दुसरं चूक ठरवतो. मराठी डॉक्ससाठी माझा सल्ला असा: दोन्हींपैकी एकेक रूप ठरवा, ते बदलून देणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहा, ती स्पेलचेकच्या आधी चालवा, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं काम मुद्रितशोधन येणाऱ्या माणसाला पैसे देऊन करवून घ्या. पुण्यात अशी माणसं आहेत आणि त्यांचं काम कोणत्याही टूलपेक्षा चोख असतं.

कुठे चालवायचं

एडिटरमध्ये चालवलं तर चूक लिहितानाच दिसते. सीआयमध्ये (बदल आला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) चालवायचं तर फक्त बदललेल्या फाइलींवर चालवा, नाहीतर दुसऱ्याच्या जुन्या चुकांसाठी नव्या माणसाचा पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) अडतो. जुना साठा एकदाच, वेगळ्या कमिटमध्ये साफ करा. गिटच्या २०१९ मधल्या २.२३ आवृत्तीपासून असे कमिट ब्लेममधून (कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या यादीतून) वगळता येतात, त्यामुळे इतिहास गढूळ होण्याची भीती आता उरलेली नाही.

तर लहान टीम आणि जुने डॉक्स असतील तर कोडस्पेल किंवा टायपोज सीआयमध्ये, सीस्पेल एडिटरमध्ये, आणि जोखमीच्या पानांना माणूस. यापलीकडे खर्च करू नका. नवा प्रोजेक्ट पहिल्या पानापासून सुरू होत असेल तर सीस्पेल सीआयमध्ये लावायला हीच वेळ, कारण शब्दकोश लहान असतो आणि पानांबरोबर वाढतो.

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ओपन सोर्समध्ये पाऊल टाकताना स्पेलिंगच्या दुरुस्त्यांपासून सुरुवात करतात, त्यांच्यासाठी थोडंसं. ही सुरुवात चांगली आहे, कोणी हिणवलं तरी करा. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात निरर्थक बदलांचा इतका पूर आला की आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलून फक्त संमती देणाऱ्या रेपोंपुरता तो मर्यादित करावा लागला. म्हणून मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) सावध असतात. एकेका अक्षरासाठी एकेक पुल रिक्वेस्ट न पाठवता एका विभागातल्या दुरुस्त्या एकत्र पाठवा. टूलने काय सुचवलं आणि तुम्ही काय वगळलं, ते दोन ओळींत लिहा. आणि पान दुरुस्त करण्याआधी ते कुठून तयार होतं ते शोधा. बरीच मॅन पेजेस (कमांडची माहितीपानं) आणि एपीआयची पानं कोडमधल्या कॉमेंट्समधून आपोआप बनतात. तयार झालेल्या फाइलीतली दुरुस्ती पुढच्या बिल्डमध्ये पुसली जाते, ती मूळ कॉमेंटमध्येच करावी लागते.